आठ बांध्या, सात आरोपी

आमचे शेजारी मुखरूजी लेनगुरे यांच्या परसात एकदा शेळी शिरली आणि तिनं मेथीचे दोन वाफे फस्त केले. दुसऱ्या कुणी तिला हाकललं असतं आणि तिच्या मालकाच्या नावानं चार शब्द बोलून मोकळा झाला असता. मुखरूजींनी शेळीला पेरूच्या झाडाला बांधलं, चष्मा लावला, मांडीवर वही घेतली आणि लिहायला बसले. "आरोपी: शेळी, रंग काळा, डावा कान फाटका. ठिकाण: परसबाग, विहिरीपासून पूर्वेस बारा पावले. मुद्देमाल: मेथी, दोन वाफे. जप्त: काही नाही, कारण आरोपीने जागेवरच गिळली." मग कुंपणावरून मला हाक मारली. पंच म्हणून सही पाहिजे होती.

मी धानोऱ्याच्या हायस्कुलात बावीस वर्षांपासून गणित शिकवतो. न मोजता सही करणं मला जमत नाही. मी विहिरीपासून पावलं टाकली, ती तेरा भरली. बाराचे तेरा करून मग सही केली. मुखरूजींनी दुरुस्ती चष्म्याजवळ धरून पाहिली. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही जंगलात पाहिजे होते." आमची ओळख तशी जुनी, पण दोस्ती त्या शेळीपासूनची.

मुखरूजी वनरक्षक होते. गावोगावी वनरक्षकाला अजून नाकेदारच म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी बीट सांभाळलं, म्हणजे ठरवून दिलेला जंगलाचा तुकडा पायी फिरून राखला. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बायको त्याआधीच गेली, मुलगा नागपूरला असतो. समोरच्या खोलीत खात्याकडून मिळालेली उत्कृष्ट कामाची एक शील्ड आहे. ती ते दर रविवारी राखेनं घासतात. सौ.नं एकदा सांगितलं, "भाऊजी, राखेनं सोनेरी रंग निघते." मुखरूजी म्हणाले, "निघू द्या, खाली पितळ हाय का नाई ते त समजन." शील्ड प्लास्टिकची निघाली. तरी घासणं चालूच आहे.

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "कागदावर हाय का? कागदावर नाई, त झालंच नाई." सौ.नं पोहे पाठवले की वाटी परत येते तेव्हा आत चिठ्ठी असते: "पोहे, एक वाटी, मिळाले. मीठ कमी. तक्रार नाही." दिवाळीला ते चिवड्याची पोच देतात. एकदा मला ताप आला तर बघायला आले, कपाळाला हात लावला, घड्याळ बघितलं आणि वही काढली. मी तापात होतो तरी विचारलं, काय लिहिता. म्हणाले, "मास्तर गरम हाय."

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमच्या भागात जंगलातल्या शेतीला एक शब्द आहे, जबरान. ज्याचे आजे-पणजे तिथं धान पेरत आले त्याच्याही बांधीला कागदोपत्री हेच नाव. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. जबरान म्हणजे जबरीनं बळकावलेलं. गोंड माणूस आपल्याच बापाच्या शेतावर उभा राहून "हे माझं जबरान" असं सांगतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, इतका तो शब्द अंगवळणी पडला आहे. मुखरूजींनी चौतीस वर्षं हा शब्द लिहिला. नाल्याकाठी नांगर दिसला की गुन्हा. झुडूप तोडलेलं दिसलं की गुन्हा. माणूस पळाला तर ते मागे धावायचे नाहीत, बांधावर बसून त्याची वाट बघायचे. संध्याकाळपर्यंत तो येईच, कारण बैल तिथंच असायचे.

मग वनहक्क कायदा आला. दोन हजार पाचच्या डिसेंबरच्या आधीपासून जो आदिवासी ती जमीन कसत असेल, त्याला तिचा हक्क मिळेल असं ठरलं. फक्त पुरावे पाहिजेत, एकाहून जास्त. एक पुरावा गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जबाबाचा चालतो. दुसरा कागद कुठून आणायचा? ज्यांच्याकडे कधी कागदच नव्हता त्यांना कायदा कागद मागत होता.

मुखरूजी निवृत्त झाल्यावर हयातीच्या दाखल्याचं विचारायला तहसिलात गेले होते. मी सोबत होतो. शेजारच्या खिडकीशी मरकाटोल्याचा चैतू उसेंडी उभा होता, दावा परत आला म्हणून. आतला माणूस विचारत होता, "तू तिथं आधीपासून होतास कशावरून?" चैतू म्हणत होता, "होतो ना जी. कुठी जाईन?"

मुखरूजी रांग सोडून तिकडे गेले. "हा होता. मी लिवला होता याच्यावर गुन्हा. चारदा."

चैतूनं वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नाकेदार," तो म्हणाला, "तू इथीबी आलास का?"

"नंबर लिहून घे," मुखरूजी म्हणाले, आणि चारही गुन्ह्यांचे नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितले. आतल्या माणसानं पेन खाली ठेवलं. मीही चकित झालो. बीटात लिहिलेल्या प्रत्येक गुन्ह्याचा नंबर आणि दिवस त्यांनी स्वतःच्या एका रजिस्टरात उतरवून ठेवला होता. कधीतरी ऑफिसात एक कागद हरवला आणि जाब यांनाच विचारला गेला, तेव्हापासूनची ती सवय. नंबर दिला की मूळ कागद काढता येतो. आणि नाकेदारानं तुला त्या बांधीवर पकडलं, याहून तू तिथं होतास याचा पक्का पुरावा दुसरा कोणता?

चैतूचा पट्टा आला, म्हणजे हक्काचा कागद. त्यानं पट्ट्याला प्लास्टिक लावून आणलं, आणि सोबत गुन्ह्यालाही. आज त्याच्या घरात भिंतीवर दोन्ही शेजारी लटकतात. पाहुणा आला की तो आधी गुन्हा दाखवतो.

त्यानंतर मुखरूजींना चैन पडेना. रजिस्टर काखेत मारून ते बीटातल्या गावांना निघाले. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून माझ्या मोटारसायकलवर मागे बसून. रविवारची माझी सुट्टी त्यात गेली. धानोऱ्यापासून मरकाटोला तेवीस किलोमीटर, शेवटचे चार डांबराविना. मुखरूजी म्हणायचे एकशे साठ गुन्हे. मी मोजले, एकशे सत्तावन्न निघाले. तीन दोनदा उतरले होते.

पहिल्या गावात आम्ही शिरलो आणि पाच मिनिटांत गाव रिकामं झालं. कोंबड्या तेवढ्या राहिल्या. मुखरूजी चौकात उभे राहून ओरडले, "पळू नका बे. गुन्हा घ्याले नाई आलो, द्याले आलो." मला वाटतं त्यानं उरलेलेही पळाले. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली, कारण तिला पळता येत नव्हतं. तिच्या मुलाच्या नावाचा नंबर निघाला, तेव्हा जंगलातून एकेक डोकं बाहेर आलं.

महिन्याभरात हवा फिरली. लोक आम्हाला रस्त्यात अडवू लागले. "नाकेदार, माह्यावर लिवला होता का?" एकाचं नाव रजिस्टरात निघालं नाही तर तो रुसून बसला. "त्याच्यावर लिवला, याच्यावर लिवला, माह्यावर काऊन नाई? मी का कमी झाडं तोडली?" मुखरूजी म्हणाले, "तू बैलासकट पळाचा ना लवकर." त्याची बायको म्हणाली, "मी तवाच म्हणत होती, पळू नोको."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. इतक्या गावांत फिरलो, पण मुखरूजींच्या तोंडून चुकलं, वाईट वाटतं, असा एक शब्द कधी निघाला नाही. कुणी जुनी गोष्ट काढली, बैल ओढून नेल्याची, नांगर जप्त केल्याची, की ते मान खाली घालून रजिस्टरची पानं उलटायचे आणि म्हणायचे, "नंबर लिहून घे." लोकही लिहून घ्यायचे. कोणी वर चहा द्यायचे, कोणी नाही.

गोष्ट अडली ती मरकाटोल्यातच. तिथल्या वनहक्क समितीच्या सचिव ललिता नैताम यांनी नाल्याकाठच्या जमिनीचा नकाशा काढला होता. नाल्यापासून टेकडीपर्यंत एकाखाली एक आठ बांध्या. मी नकाशा आणि रजिस्टर शेजारी ठेवून जुळवत होतो. सात जुळल्या.

"मुखरूजी, पाचवी कुणाची?"

"पाहा ना नकाशात."

"नकाशात जैनीबाई उसेंडी आहे. चैतूची वहिनी. तुमच्या रजिस्टरात नाही."

"नसन."

"चौथी चैतूची, त्यावर चार गुन्हे. सहावी त्याच्या चुलत भावाची, त्यावर दोन. चौथीवरून सहावीवर जाताना मधली पाचवी तुम्हाला दिसली नाही?"

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही पोराइले शिकवा." आणि मोटारसायकलवर जाऊन बसले.

जैनीबाईंचं असं होतं की नवरा लवकर गेला आणि ती बांधी त्यांनी एकटीनं कसली. दावा एकदा परत आलेला होता, दुसरा पुरावा जोडा म्हणून. त्या वर्षी नाल्याच्या वरच्या अंगाला रोपवन घ्यायचं बोलणं चालू होतं, आणि ज्यांच्याकडे पट्टा किंवा पुराव्यासकट दावा त्यांचं शेत सोडून खड्डे पडणार होते. सात बांध्या सुटणार होत्या. पाचवीत सागाची रोपं लागणार होती. ललिताताईंनी पुढच्या ग्रामसभेपर्यंत दावा पुन्हा पाठवायचं ठरवलं होतं. हाताशी अठरा दिवस होते.

मुखरूजी तीन दिवस घराबाहेर आले नाहीत. वाटी परत आली, पण चिठ्ठी नव्हती. सौ. म्हणाली, "बघून तरी या." गेलो. शील्ड भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. जमिनीवर पत्र्याची पेटी उघडी आणि भोवती डायऱ्या. वनरक्षकाला रोज कुठं फिरला ते डायरीत लिहावं लागतं आणि महिन्याच्या शेवटी रेंजर त्यावर सही करतो. मुखरूजींनी प्रत्येक महिन्याची दुसरी प्रत ठेवली होती, सहीसकट.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. "दुपारी दोन. पाऊस जोराचा. नाल्यावर जैनीबाईच्या शेतात मांडवाखाली थांबलो. बाई रोवणा करत होती." रोवणा म्हणजे धानाची लावणी. खाली रेंजरची सही.

"शेतात," मी म्हणालो. "जबरान नाही लिहिलं?"

"घाईत लिवलं असन."

मी पुढची पानं उलटली. मग सगळ्या डायऱ्या ओळीनं लावल्या आणि मोजायला बसलो. अकरा वर्षांत एकोणीस नोंदी. सगळ्या कायद्यानं घालून दिलेल्या तारखेच्या आधीच्या. प्रत्येकीत दुपारचे दोन, प्रत्येकीत पाऊस, प्रत्येकीत शेत.

"मुखरूजी, एवढ्या मोठ्या बीटात पाऊस तुम्हाला नेहमी याच बांधीवर गाठायचा?"

"पाऊस का मास्तरले इचारून पडते?"

"यातल्या दोन नोंदी जानेवारीतल्या आहेत."

त्यांनी माझ्या हातातली डायरी घेऊन मिटली. मग म्हणाले, "चौतीस वर्षं फिरलो. नाकेदार आला म्हटलं की मानसं मागच्या दारानं जंगलात. लहान लेकरू रडलं की माय सांगे, चूप, नाकेदार येईन. डबा सकाळीच संपे. पानी मांगाले दारात गेलो त दार बंद. तिचा नवरा नुकताच गेल्ता. मी गुन्हा लिवाले म्हणूनच गेलो होतो, वही काढली होती. ती म्हणे, बस, जेवला का? मी बसलो." त्यांनी चष्मा पुसला. "पेज पिल्यावर कसा लिवाचा?"

म्हणजे त्यांनी ज्यांना ज्यांना गांजलं त्यांच्या बांध्या वाचल्या, आणि आयुष्यात एकदाच कुणाला सोडलं तर तिचीच जाणार होती. मी हिशेब मोठ्यानं केला नाही. त्यांनी तो तीन दिवस केलाच होता.

"डायरी जोडली की झालं," मी म्हणालो. "सरकारी कागद आहे."

"नुसती डायरी कशी? कोनी म्हणन, पावसात थांबला त थांबला. ते शेत होतं, ती वाहत होती, मी पाहत होतो, हे लिवा लागन. आन गुन्हा काऊन नाई लिवला तेबी लिवा लागन." शील्डकडे न बघता ते म्हणाले, "माह्या नोकरीत डाग नाई, मास्तर."

"आता पडेल."

"हाव. कागदावर पडन."

ग्रामसभा गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोरच्या, मोकळ्या जागेत भरली. मोहाचे दिवस होते, सकाळची वेचणी आटोपून लोक आले होते, सगळ्या हवेत तो गोड वास. जैनीबाई पुढे बसल्या होत्या. सत्तरीची बारीक बाई, कपाळावर गोंदण. मुखरूजी उभे राहिले, कागद उघडला. जबाब लिहायला सांगितला होता, पण त्यांना लिहिण्याची एकच रीत येते.

"आरोपी: मुखरू डोमाजी लेनगुरे, वनरक्षक, सेवानिवृत्त. ठिकाण: मरकाटोला, नाल्यावरील पाचवी बांधी. गुन्ह्याचे स्वरूप: सदर बांधी जैनीबाई उसेंडी वाहत असल्याचे अकरा वर्षे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही गुन्हा न लिहिणे. वेळा: एकोणीस. मुद्देमाल: पेज, एकोणीस द्रोण. जप्त: काही नाही, कारण आरोपीने जागेवरच गिळली."

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग बायकांच्या बाजूनं सुरुवात झाली. चैतू उठला. "थांबा, थांबा. माह्या बांधीवर चारदा आला, चारदा लिवून गेला. वहिनीच्या बांधीवर एकोणीसदा आला, एकदाबी नाई? पेज त माह्या घरीबी होती ना बे."

"तू देल्ली होती का?" मुखरूजी म्हणाले.

"तू मांगली होती का?"

हसणं थांबलं. चैतू खाली बसला आणि हातातल्या काडीनं मातीत रेघा ओढू लागला.

ललिताताईंनी डायऱ्या चाळल्या. "नोंदी पक्क्या आहेत. पण सगळीकडं पाऊस लिहिलाय. जानेवारीत पाऊस कसा, असं वरून विचारतील. एक खोटं निघालं तर बाकीचंही खोटं म्हणतील."

मुखरूजींचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत कुणी त्यांच्या कागदावर बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तेच विचारलं होतं.

तेव्हा जैनीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पाऊस नव्हता."

"मग?" ललिताताईंनी विचारलं.

"जानेवारीत लाखोळीची डाळ पेरली होती बांधीत. ऊन होतं. हा भुकेला राहे. गावात कोनी याले बस म्हणत नव्हतं. मी म्हटलं, त बसला." त्यांनी पदर सारखा केला. "त्यात का लिवाचं हाय? पन लिव. खरं हाय ते लिव."

ललिताताईंनी लिहिलं. मुखरूजींनी दोन्ही जानेवारींपुढे "पाऊस" वर काट मारली, बाजूला सही केली, आणि गावानं ठराव केला. मी हात मोजले, एकही खाली नव्हता. चैतूचा सगळ्यात आधी वर गेला होता.

दावा वर गेला आहे. पट्टा अजून आलेला नाही, म्हणून आला असं मी लिहिणार नाही. या खेपेला तो परत आलेला नाही, एवढंच. त्या बांधीत खड्डे पडलेले नाहीत, ते मी स्वतः पाहून आलो.

सभा सुटल्यावर जैनीबाई म्हणाल्या, "चाल नाकेदार." आम्ही त्यांच्या मागून नाल्यावर गेलो. मांडव नवा होता, जागा तीच. त्यांनी पळसाच्या पानांचे तीन द्रोण लावले आणि मडक्यातून पेज ओतली. चैतूही मागून आला. चौथा द्रोण त्यानं स्वतःच लावला. डोक्यावर स्वच्छ आभाळ होतं, ढगाचा ठिपका नाही.

द्रोण खाली ठेवून मुखरूजींनी खिशातून छोटी वही काढली. निवृत्त झाल्यापासून फिरतीची डायरी त्यांनी लिहिली नव्हती.

"मास्तर, टाइम?"

"दोन वाजून सात मिनिटं."

त्यांनी लिहिलं, मग पंच म्हणून सहीसाठी वही माझ्याकडे दिली. मी घड्याळ पुन्हा पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं आणि सही केली. पानावर तीनच ओळी होत्या.

"वेळ: दुपारी दोन वाजून सात मिनिटे. ठिकाण: जैनीबाईचे शेत.

पाऊस नाही.

थांबलो."